१२३४५६७८९८७६५४३२१ : एका डेम्लो संख्येचे अंतरंग

अकरा कोटी अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा या संख्येचा वर्ग केला, म्हणजे १११११११११ ला तिनेच गुणले, की १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या मिळते. एकापासून क्रमाने नवापर्यंत चढणारी आणि त्याच क्रमाने एकापर्यंत उतरणारी ही संख्या डावीकडून वाचली काय किंवा उजवीकडून, सारखीच. व्यवहारातल्या भाषेत ती १२३ कोटी ४५ लाख ६७ हजार ८९८ कोटी, ७६ लाख ५४ हजार ३२१ अशी वाचावी लागते. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त स्थानांची जी नावे दिली आहेत, त्यांप्रमाणे तिचा पहिला अंक 'मध्य' या स्थानी येतो. त्यापुढचे स्थान परार्धाचे, आणि तेथे ती यादी संपते.

एखाद्या संख्येचे गुणधर्म दोन जातींचे असतात. काही तिच्या अंकांचे असतात. ते ती दहाच्या पायावर लिहिली म्हणून दिसतात, लेखनपद्धती बदलली की नाहीसे होतात. काही मात्र संख्येचे स्वतःचे असतात : तिचे अवयव कोणते, ती पूर्ण वर्ग आहे का, दोन वर्गांची बेरीज आहे का. हे गुणधर्म ती कोणत्याही लिपीत, कोणत्याही पायावर लिहिली तरी ढळत नाहीत. गणिताच्या अभ्यासकांनी पहिल्या जातीला बहुधा करमणुकीच्या कप्प्यात टाकले आहे. प्रस्तुत संख्या या वर्गवारीला चांगलेच आव्हान देते. तिच्या अंकांची शोभा आणि तिचे खोल अंकगणित ही दोन्ही एकाच मुळातून, म्हणजे दहाचा नववा घात उणे एक, ९९९९९९९९९, या संख्येतून निघालेली आहेत. त्या मुळापर्यंत पोचणे हा या विवेचनाचा हेतू आहे.

आधी अंकांची रचना. शाळेतल्या रीतीने १११११११११ × १११११११११ हा गुणाकार मांडला, तर एकाखाली एक नऊ ओळी येतात. प्रत्येक ओळीत नऊ एक असतात आणि प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकलेली असते. एकं स्थानच्या उभ्या रांगेत एकच १ येतो, दहं स्थानी दोन, शतं स्थानी तीन, आणि असे करत मधल्या रांगेत नऊही ओळींचे नऊ एक एकाखाली एक येतात. तेथून पुढे वरून एकेक ओळ संपत जाते, त्यामुळे बेरीज आठ, सात, सहा अशी उतरते. कोणत्याही रांगेची बेरीज नवाच्या पुढे जात नाही, म्हणून हातचा कोठेच येत नाही. प्रत्येक रांगेची बेरीज जशीच्या तशी उत्तराचा अंक होते.

याच रचनेचा एक भाऊबंद संभाव्यतेच्या पाठ्यपुस्तकात भेटतो. दोन फासे एकदम टाकले तर बेरीज २ येण्याचा एक प्रकार, ३ येण्याचे दोन, ४ येण्याचे तीन, ७ येण्याचे सहा, आणि पुढे उतरत १२ येण्याचा पुन्हा एकच. हे आकडे ओळीने लिहिले तर १२३४५६५४३२१ होते, आणि सहा एकांच्या ११११११ या संख्येचा, म्हणजे एक लाख अकरा हजार एकशे अकराचा, तो वर्ग आहे. हा योगायोग नाही. गुणाकाराच्या रांगेत एक १ पहिल्या संख्येच्या कोणत्या तरी स्थानातून आणि दुसऱ्या संख्येच्या कोणत्या तरी स्थानातून येतो, आणि त्या दोन स्थानक्रमांकांची बेरीज ठरलेली असते. फाशांवर नेमके हेच मोजले जाते. नऊ बाजूंचे दोन फासे कल्पिले तर त्यांच्या ८१ शक्यतांची वाटणी म्हणजेच आपली सतरा अंकी संख्या. तिच्या अंकांची बेरीज ८१ का येते, याचेही उत्तर त्यातच आहे.

दहा एक घेतले की ही शिस्त मोडते. मधल्या रांगेची बेरीज दहा होते, तेथे शून्य लिहून हातचा एक डावीकडे द्यावा लागतो. डावीकडे नऊ असतात, त्यांचेही दहा होतात आणि हातचा आणखी पुढे सरकतो. उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. डाव्या बाजूचा ८ गायब झाला, मध्ये दोन शून्ये आली आणि संख्या उलटसुलट सारखी राहिली नाही. म्हणजे नऊ एकांचा वर्ग हा या मालिकेचा शेवटचा निर्दोष सदस्य आहे. १, १२१, १२३२१, १२३४३२१ अशी सुरू झालेली माला येथे पूर्णत्वाला पोचते.

हरवलेल्या आठाची कथा मात्र येथे थांबत नाही. १११११११११ ला ९ ने भागले तर १२३४५६७९ येते. त्यातही ८ नाही. आता १११११११११ चा वर्ग म्हणजे १२३४५६७९ × ९ × १११११११११, म्हणजेच १२३४५६७९ × ९९९९९९९९९. नऊ नवांनी गुणणे म्हणजे पुढे नऊ शून्ये देऊन मूळ संख्या वजा करणे. म्हणून १२३४५६७९००००००००० मधून १२३४५६७९ वजा केले की १२३४५६७८९८७६५४३२१ मिळते. एका वजाबाकीने सगळा ताळा होतो.

हा ताळा कागदावर करणेच बरे, कारण नेहमीच्या संगणकीय साधनांची येथे दमछाक होते. दशांश चिन्हासह आकडे साठवण्याच्या सर्वत्र रूढ असलेल्या ६४ बिटांच्या पद्धतीत दोनच्या ५३ व्या घातापर्यंतचे, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंतचेच सगळे पूर्णांक अचूक राहतात. त्यापुढच्या टप्प्यात फक्त सम संख्यांना जागा असते. आपली संख्या त्या मर्यादेच्या पलीकडे आणि विषम, म्हणून तिचा शेवटचा १ त्या साठवणीत टिकूच शकत नाही. मोठ्या पूर्णांकांसाठी वेगळी सोय असलेल्या भाषांत मात्र ती पूर्ण मिळते.

अशा सममित संख्यांचे आकर्षण भारतात फार जुने आहे. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळात, नवव्या शतकात, जैन गणिती महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' लिहिला. गुणाकाराच्या प्रकरणात त्यांनी मुद्दाम असे आकडे निवडले की उत्तरे कंठातल्या हारासारखी दिसावीत. २७९९४६८१ ला ४४१ ने गुणले की १२३४५६५४३२१ येते, हे उदाहरण त्यांचेच. एकापासून सहापर्यंत चढत जाऊन क्रमाने उतरणारी संख्या असे त्या उत्तराचे वर्णनही त्यांनी केले. १२३४५६७९ × ९ = १११११११११ हे उदाहरणही त्या ग्रंथात आहे. २७९९४६८१ हा ५२९१ चा आणि ४४१ हा २१ चा वर्ग आहे, आणि ५२९१ × २१ म्हणजे सहा एकांची संख्या. महावीराचार्यांनी केवळ उत्तर देखणे निवडले नाही, तर गुण्य आणि गुणक दोन्ही पूर्ण वर्ग ठेवले. या निवडीमागे सममित वर्गाची रचना त्यांना ठाऊक असावी, असे मानायला पुरेशी जागा आहे.

या मालेला स्वतंत्र नाव आणि स्वतंत्र अभ्यास मिळाला तो विसाव्या शतकात, दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांच्याकडून. १९०५ मध्ये डहाणूला जन्मलेले, ठाण्यात शाळा आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पदवीचे शिक्षण घेतलेले कापरेकर १९३० ते १९६२ देवळालीला शाळेत शिकवत होते. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले होते. पदव्युत्तर पदवी त्यांच्याकडे नव्हती. चार अंकी संख्यांना ६१७४ कडे खेचून आणणाऱ्या त्यांच्या स्थिरांकाची ख्याती मोठी आहे, पण त्यांचा या दिशेने झालेला पहिला महत्त्वाचा शोध डेम्लो संख्यांचा. जी. आय. पी. रेल्वेवर मुंबईपासून तीस मैलांवर असलेल्या डोंबिवली स्थानकाचे त्या काळचे नाव 'डेम्लो' होते. ही कल्पना त्यांना तेथे सुचली, म्हणून त्या संख्यांना त्यांनी ते नाव दिले. १९३८ मध्ये 'द मॅथेमॅटिक्स स्टुडंट' या नियतकालिकात त्यांचा 'अद्भुत डेम्लो संख्यां'वरचा लेख आला. पुढच्याच वर्षी के. आर. गुंजीकर यांच्यासह त्यांनी मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात या संख्यांची उपपत्ती मांडली, आणि १९४८ मध्ये देवळालीहून स्वतंत्र पुस्तक काढले.

डेम्लो संख्येचे तीन भाग पडतात : डावा, मधला आणि उजवा. मधल्या भागात एकच अंक एकदा किंवा अनेकदा येतो, आणि डाव्या व उजव्या भागाची बेरीज केली की त्याच अंकाची आवृत्ती मिळते. २५५३ मध्ये २ आणि ३ मिळून ५ होतात, ४७७७३ मध्ये ४ आणि ३ मिळून ७. आता आपली संख्या अशीच कापली तर डावीकडे १२३४५६७८, मध्ये ९ आणि उजवीकडे ८७६५४३२१ येते. १२३४५६७८ + ८७६५४३२१ = ९९९९९९९९. एकाच्या वर आठ, दोनाच्या वर सात, अशी प्रत्येक जोडी नवाची. १२३२१ मध्ये १२ + २१ = ३३ आणि १२३४३२१ मध्ये १२३ + ३२१ = ४४४, म्हणजे माला सगळी या व्याख्येत बसते. 'अद्भुत' हे विशेषण कापरेकरांनी नेमक्या या एकांच्या वर्गांसाठी ठेवले.

संख्येचे तुकडे करून बेरीज करण्याची ही दृष्टी त्यांनी आणखी एका ठिकाणी वापरली, आणि त्या संख्यांना आज जगभर कापरेकर संख्या म्हणतात. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५. २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ + २०९ = २९७. वर्गाचे दोन तुकडे करून बेरीज घेतली की मूळ संख्या परत मिळते. प्रश्न असा : १११११११११ ही कापरेकर संख्या आहे का? तिच्या वर्गातले उजवे नऊ अंक ९८७६५४३२१, डावे उरले १२३४५६७८. बेरीज ९९९९९९९९९. मूळ संख्या मिळाली नाही, तिची नऊपट मिळाली.

हे उत्तर निराशाजनक वाटू शकते. प्रत्यक्षात येथेच विषयाचे सर्वांत सुंदर दार उघडते. मालेतल्या इतर सदस्यांवर हाच प्रयोग करून पाहता येतो. ११ चा वर्ग १२१, १ + २१ = २२. १११ चा वर्ग १२३२१, १२ + ३२१ = ३३३. ११११ चा वर्ग १२३४३२१, १२३ + ४३२१ = ४४४४. जितके एक, त्या अंकाची आवृत्ती. नऊ एकांना नवांची आवृत्ती मिळाली, हे या नियमाला धरूनच आहे. मग दहा एकांचे काय? तेथे वर्गाचे रूप बिघडलेले होते : १२३४५६७९००९८७६५४३२१. उजवे दहा अंक ०९८७६५४३२१, डावे नऊ १२३४५६७९०. बेरीज ११११११११११. मूळ संख्या जशीच्या तशी परत आली. ज्या ठिकाणी देखणेपणा संपला, त्याच ठिकाणी कापरेकर संख्या जन्माला आली. अकरा एकांसाठी बेरीज २२२२२२२२२२२ येते, आणि चक्र पुन्हा सुरू होते.

कारण समजायला शाळेतला नवाचा कस पुरतो. एखाद्या संख्येला ९ ने भागून उरणारी बाकी तिच्या अंकांच्या बेरजेवरून कळते. तसेच नऊ-नऊ अंकांचे गट करून त्यांची बेरीज घेतली तर ९९९९९९९९९ ने भागून उरणारी बाकी बदलत नाही. वर्गाचे दोन तुकडे करून मिळवणे म्हणजे नेमकी ही क्रिया. आता १११११११११ × १११११११११ या गुणाकारात एक अवयव ९ ने पूर्ण विभाज्य आहे, म्हणून गुणाकार ९ × १११११११११, म्हणजे ९९९९९९९९९ ने पूर्ण विभाज्य होतो. बेरीज त्या संख्येचीच पट असायला हवी, आणि तुकड्यांच्या आकारावरून ती एकपटच असू शकते. दहा एकांच्या संख्येला मात्र ९ ने भागले तर बाकी १ उरते. म्हणून तिच्या वर्गाला दहा नवांच्या संख्येने भागल्यावर बाकी तीच संख्या येते. एकूण नियम असा की एकांची संख्या ९ ने भागून बाकी १ उरत असेल, तर आणि तरच ती संख्या या रीतीने कापरेकर संख्या ठरते : एक, दहा, एकोणीस, अठ्ठावीस एकांच्या संख्या. त्यांतली एकोणीस एकांची संख्या मूळ, म्हणजे अविभाज्य, संख्याही आहे. केवळ एकांनी बनलेल्या मूळ संख्या फार विरळ. पहिली ११, मग थेट १९ एकांची, मग २३ एकांची, आणि त्यानंतर ३१७ एकांची.

आता अवयवांकडे. १११११११११ = १११ × १००१००१. यातील १११ = ३ × ३७ आणि १००१००१ = ३ × ३३३६६७. म्हणून १११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७, आणि आपली संख्या म्हणजे ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग यांचा गुणाकार. ३३३६६७ मूळ आहे हे हाताने तपासणेही अवघड नाही. तिला लहान मूळ अवयव असलाच, तर तो १००१००१ चा, आणि म्हणून ९९९९९९९९९ चाही अवयव असणार. फर्माच्या प्रमेयावरून असा अवयव, ३ आणि ३७ वगळता, १८ च्या पटीत १ मिळवून आलेला असावा लागतो. ५७७ पर्यंत अशा मूळ संख्या १९, ३७, ७३, १०९ अशा मोजून १७ आहेत. त्यांपैकी एकीनेही भाग जात नाही.

या तीन मूळ संख्यांत एक अंतर्गत शिस्त आहे. १ ला ३ ने भागले तर दशांशात एका अंकाचे आवर्तन होते : ०.३३३… . ३७ ने भागले तर तीन अंकांचे : ०.०२७०२७… . ३३३६६७ ने भागले तर नऊ अंकांचे : ०.०००००२९९७ ०००००२९९७… . १, ३ आणि ९ हे नवाचे विभाजक, आणि प्रत्येकाच्या वाट्याला एक मूळ संख्या आली आहे. एवढेच नाही, तर प्रत्येक मूळ संख्या आपल्या आवर्तनलांबीची एकमेव मालक आहे. नऊ अंकांचे आवर्तन असणाऱ्या मूळ संख्येने ९९९९९९९९९ ला भागलेच पाहिजे, आणि त्या संख्येला ३, ३७ व ३३३६६७ यांखेरीज मूळ अवयव नाहीत. म्हणून अनंत मूळ संख्यांत १ भागिले ती संख्या अगदी नऊ अंकांनी फिरते अशी ३३३६६७ ही एकटीच, आणि तीन अंकांनी फिरते अशी ३७ एकटीच. गुणाकाराची एक साधी गंमत म्हणून पुढे आलेल्या संख्येच्या गाभ्यात केवळ अशा एकाकी मूळ संख्या असाव्यात, ही गोष्ट मनावर खोल ठसा उमटवते.

अवयवांवरून बाकी हिशेब झटपट होतात. विभाजकांची संख्या ५ × ३ × ३ = ४५, आणि पूर्ण वर्गाला साजेशी विषम. स्वतःला सोडून उरलेल्या ४४ विभाजकांची बेरीज ६६०८६००६०५१७३२५८, म्हणजे संख्येच्या निम्म्याहून थोडी अधिक. परिपूर्ण संख्येपासून ती बरीच लांब आहे. अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने तिला पूर्ण भाग जातो, भागाकार १२३४५६७९ चा वर्ग, १५२४१५७८९९७१०४१. अंकांच्या बेरजेने विभाज्य असणाऱ्या संख्यांना हर्षद संख्या म्हणतात. हे नावही कापरेकरांनीच ठेवलेले आहे.

यापुढचा गुणधर्म पाहण्याआधी १ भागिले ८१ आठवावे. त्याचे दशांशरूप ०.०१२३४५६७९ ०१२३४५६७९… असे नऊ अंकांनी फिरते. ८१ हा ९ चा वर्ग, आणि आवर्तनाची लांबी ९. हाच प्रश्न आपल्या संख्येला विचारला तर? १ ला १२३४५६७८९८७६५४३२१ ने भागले तर दशांश किती अंकांनंतर फिरेल?

आपली संख्या म्हणजे ९९९९९९९९९ चा वर्ग भागिले ८१. म्हणून तिचा व्यस्त म्हणजे ८१ भागिले ९९९९९९९९९ चा वर्ग. ज्याप्रमाणे १ भागिले ९९ चा वर्ग हा अपूर्णांक ०.०००१०२०३०४… असा दोन-दोन अंकांच्या गटांत मोजणी करत जातो, त्याप्रमाणे येथे नऊ-नऊ अंकांच्या गटांत ८१ चा पाढा उलगडतो : ०००००००००, ०००००००८१, ००००००१६२, मग २४३, ३२४, ४०५, प्रत्येक आपापल्या नऊ अंकी गटात. पाढा वाढत वाढत ८१ × १२३४५६७८ = ९९९९९९९१८ पर्यंत जातो. त्यापुढची पट ८१ × १२३४५६७९ = ९९९९९९९९९ गट काठोकाठ भरते, त्यानंतरच्या पटींतून आलेला हातचा तिला शून्यांवर आणतो आणि आधीच्या गटाला एक देतो. म्हणून आवर्तनातला शेवटचा गट ९९९९९९९१८ ऐवजी ९९९९९९९१९ असा येतो, आणि तेथून पुन्हा शून्यांचा गट सुरू होतो. एका आवर्तनात असे १२३४५६७९ गट, प्रत्येकात नऊ अंक. एकूण अंक १२३४५६७९ × ९ = १११११११११.

म्हणजे १ भागिले १२३४५६७८९८७६५४३२१ हा दशांश अपूर्णांक बरोबर १११११११११ अंकांनी फिरतो, आणि हे तिचे वर्गमूळच आहे. एका पानावर अडीच हजार अंक छापले, तर एक आवर्तन छापायला ४४ हजारांहून अधिक पाने लागतील, आणि त्या साऱ्या पानांवर ८१ च्या पाढ्याखेरीज काहीही नसेल. वर्ग, आवर्तन आणि पाढा यांची अशी गाठ या संख्येचा सर्वांत मोलाचा गुणधर्म मानावी लागेल. अंकांचा खेळ आणि संख्यासिद्धांत यांत भिंत घालणाऱ्यांनी हे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवायला हवे, कारण येथे अंकांकडे पाहिल्याशिवाय सिद्धांत सुचत नाही आणि सिद्धांताशिवाय अंकांचा उलगडा होत नाही.

भूमितीतही तिला जागा आहे. चाराने भागून १ उरणारी मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असते, ३ उरणारी नसते. आपल्या तीन अवयवांपैकी ३ आणि ३३३६६७ दुसऱ्या प्रकारचे, केवळ ३७ पहिल्या प्रकारचा. ३७ चा वर्ग म्हणजे १२ आणि ३५ यांच्या वर्गांची बेरीज. १२ व ३५ बाजूंचा आयत बौधायनाच्या शुल्बसूत्रातही आलेला आहे. या त्रिकुटाला १११११११११ ÷ ३७ = ३००३००३ ने गुणले की ३६०३६०३६, १०५१०५१०५ आणि १११११११११ हे त्रिकूट मिळते. म्हणजे ३६०३६०३६ चा वर्ग आणि १०५१०५१०५ चा वर्ग मिळून १२३४५६७८९८७६५४३२१. बाजू पूर्णांकात असलेला आणि कर्ण १११११११११ असलेला काटकोन त्रिकोण हा एकच. उरलेल्या दोन मूळ अवयवांमुळे दुसरा त्रिकोण शक्य नाही.

शेवटी पायाचा प्रश्न. यातले काय दहाच्या पायावर अवलंबून आहे? ४५ विभाजक, दोन वर्गांत होणारी एकमेव विभागणी हे कोठेही बदलणार नाही. चढउतार मात्र दहाच्या पायाचा. तरीही प्रत्येक पायाला आपापली अशी संख्या असते, पायापेक्षा एकने कमी इतके एक घेऊन त्यांचा वर्ग केला की ती मिळते. आठाच्या पायावर सात एकांची संख्या, जी नेहमीच्या लेखनात २९९५९३ आहे, तिचा वर्ग १२३४५६७६५४३२१ असा दिसतो. दशमान लेखनात त्याच संख्येचे रूप ८९७५५९६५६४९ होते आणि चढउताराचा मागमूसही राहत नाही. सोळाच्या पायावर पंधरा एकांचा वर्ग पंधरापर्यंत चढतो. आवर्तनाचा नियम या दोन टोकांच्या मधला आहे : तो पायावर अवलंबून आहे, पण प्रत्येक पायावर खरा आहे. कोणत्याही पायावर अशा संख्येचा व्यस्त तिच्या वर्गमूळाइतक्या अंकांनीच फिरतो.

चारच्या पायावर तो हाताने तपासता येतो. तेथे तीन एकांची संख्या म्हणजे २१ आणि तिचा वर्ग ४४१. महावीराचार्यांनी गुणक म्हणून निवडलेला हा आकडा चारच्या पायावर १२३२१ असा लिहिला जातो. त्याचा व्यस्त चारच्या पायावर २१ अंकांनी फिरतो. तीन-तीन अंकांचे सात गट पडतात, आणि त्या गटांच्या किमती ०, ९, १८, २७, ३६, ४५ आणि ५५ आहेत : नवाचा पाढा, आणि शेवटच्या गटात हातच्यामुळे ५४ च्या जागी ५५. पुढच्या भागाकाराला बाकी १ उरते आणि आवर्तन पुन्हा शून्यापासून सुरू होते.